ओळंब्यातला कणा

माझे थोरले दीर माणसांच्या पाठीला ओळंबा लावतात. हे मी बोलण्याच्या ओघात म्हणत नाही. खराखुरा ओळंबा, दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ उठली की नाही ते बघायला गवंडी वापरतात तो. माणसाला पाठमोरं उभं करायचं, दोरीचं टोक मानेशी धरायचं, वजन खाली सोडायचं, ते झुलायचं थांबलं की एक डोळा मिटून बघायचं आणि जीभ चुकचुकवायची. "बघा, किती बाहेर गेलाय तुम्ही!" समोरचा गोरामोरा होतो आणि लगेच नाव नोंदवतो. स्वतःची पाठ कोणीच बघितलेली नसते, त्यामुळे तिच्याबद्दल कोणीही काहीही सांगावं.

भाऊजींनी उभा जन्म इमारतींची कंत्राटं घेतली. मग एकदा सिमेंटची गोणी उचलायला वाकले ते सरळ होईनात. महिनाभर फळीवर झोपले आणि बरे झाले. कंबर धरलेली बहुतेक माणसं महिना-दीड महिन्यात बरी होतातच, फळीवर झोपोत नाहीतर गादीवर; पण बरं झालेल्या माणसाला हे सांगून बघा. भाऊजींनी थोडं श्रेय फळीला दिलं, उरलेलं स्वतः घेतलं, आणि फरशांचं जुनं गोदाम रिकामं करून तिथे 'सरळ पाठ केंद्र' काढलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे मी पुष्कळ बघितलेत. हे नुसतं हळकुंड लांबून बघूनच पिवळे झाले. गल्लीतले लोक त्यांना 'ओळंबा' म्हणतात. त्यांना ते कौतुक वाटतं.

मी एक्स-रे काढते. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जाड दाराच्या थंडगार खोलीत, दिवसभर. "हनुवटी वर. श्वास धरा. हलू नका. सोडा." माणसांशी माझं बोलणं साधारण एवढंच. रोज हाडं बघून बघून चेहऱ्यांबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही, हे खरं आहे. कोणी कितीही रुबाबात आत येवो, आतलं सामान काय आहे ते मला पाच मिनिटांत कळतं.

तर येत्या रविवारी केंद्राचा वरचा मजला सुरू होणार होता, आणि त्या समारंभात भाऊजी सगळ्यांसमोर आपल्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, पोक घालवणार होते. आईंना बाकावर पालथं झोपवायचं, पाठीवर गुडघा रोवायचा, दोन्ही खांदे धरून मागे ओढायचं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मोठ्या जाऊबाईंनी घरोघरी पत्रकं वाटूनसुद्धा झाली होती. आणि त्या पाठीत एक मणका मोडलेला आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

भाऊजींच्या ज्ञानाची खोली कळावी म्हणून आधी सांगाड्याची गोष्ट सांगते.

केंद्रात शोभेला म्हणून त्यांनी कण्याचं मॉडेल मागवलं. मानेपासून माकडहाडापर्यंत सगळे मणके, मधल्या रबरी चकत्या, लटकवायला स्टँड. खोकं उघडलं आणि भाऊजी भडकले. कणा वाकडा! मान पुढे, पाठ मागे, कंबर पुन्हा पुढे. "प्रवासात वाकला," म्हणाले, आणि परत पाठवला. दुकानदाराने दुसरा दिला. तोही तसाच. भाऊजींनी फोनवर त्या माणसाची जी काही हजेरी घेतली ती मी शेजारी बसून ऐकली. "अहो, तुमच्या कारखान्यात एकालाही लेव्हल कळत नाही का?" पलीकडचा बिचारा सांगत होता, साहेब, माणसाचा कणा असाच असतो. भाऊजींनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बघ, माल खपवायला लोक काय काय बोलतात."

मग त्यांनी तो वेल्डिंगवाल्याकडे नेला. आतली लवचिक तार काढून लोखंडी सळई घातली. कणा सुतासारखा सरळ झाला. सरळ केल्यावर चकत्या एका बाजूने बाहेर आल्या, त्या कटरने तासून टाकल्या. एवढं करूनही एक अडचण उरली. वाकडी वस्तू सरळ केली की तिची लांबी वाढते, हे कंत्राटदाराला तरी कळायला हवं होतं. कणा स्टँडमध्ये मावेना. तेव्हा त्यांनी पाठ संपून कंबर सुरू होते तिथला एक मणका काढून टाकला. "एवढे असतात. एकाने काय फरक पडतो?"

काढलेला मणका वाया गेला नाही. तो त्यांच्या टेबलावर आहे. मणक्याला मधोमध भोक असतं. त्यात त्यांनी बॉलपेन उभं केलंय.

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. आमच्याकडे नाचणाऱ्याने अंगणच उखडून दुसरं घातलं.

लोकांना गुण येतो, असं तुम्ही म्हणाल. येतो ना. भाऊजी पहिल्या दिवशी संध्याकाळी माणसाची उंची मोजतात. त्याला फळी देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजतात. माणूस वाढलेला! आता, दोन मणक्यांच्या मधली चकती बाहेरून चिवट आणि आतून ओलसर असते. दिवसभर आपलं वजन पेलून ती दबते, झोपेत पाणी ओढून पुन्हा फुगते. त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी थोडा उंच असतो, गाढ झोपला तर पुरे, फळी लागत नाही आणि भाऊजीही लागत नाहीत. ते लोकांना फसवत असते तर मी एक वेळ मान दिला असता, फसवायला अक्कल लागते. यांना खरंच वाटतं की आपण माणसं उंच करतो.

आईंचं दुखणं स्वयंपाकघरातल्या फडताळावरून कळलं. वरच्या कप्प्यातला डबा त्यांच्या हाताला येईना. त्यांनी माझ्यावर आळ घेतला की मी कप्पा वर सरकवला. "मला माझ्याच घरात हात पसरायला लावतेस." फडताळ भिंतीत आहे. पण सुनेने भिंतसुद्धा सरकवली असेल, हे सासूबाईंना सहज पटतं. मग एक दिवस पाण्याची बादली उचलताना त्यांच्या पाठीत काहीतरी कडकन झालं आणि त्या तिथेच ओट्याला धरून उभ्या राहिल्या, बोलेनात. आमच्या घरात आई बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर. मी त्यांना इस्पितळात नेलं आणि त्यांचा एक्स-रे मीच काढला. कुशीवर वळवताना त्या ओरडल्या, "तुझे हात आहेत का बर्फ? माणसाच्या अंगाला हात लावतेस का लाद्या सरकवतेस?"

पडद्यावर चित्र उमटलं आणि मला समजायला डॉक्टर लागले नाहीत. हाडं विरळ झालेली, कडा पेन्सिलीने काढाव्यात तेवढ्या बारीक. मणका म्हणजे पुढच्या बाजूने एक ठोकळाच असतो, वरचं सगळं वजन तो पेलतो. पाठीचे बारा मणके असतात. त्यातला शेवटचा, बारावा, पुढून चेपून पाचरीसारखा झाला होता. आई बुटक्या झाल्या, वाकल्या, कप्पा लांब गेला, सगळ्याचं उत्तर त्या एका पाचरीत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि मला बजावलं, पाठीवर जोर अजिबात नको. मागे मज्जारज्जू आहे. हाडाचा तुकडा मागे सरकला तर पायांचं काही खरं नाही.

हे ऐकूनही घरात कोणाचा आवाज वाढला नाही. आमच्या ह्यांचा तर नाहीच. "दादा म्हणतोय म्हणजे काहीतरी विचार केलाच असेल त्याने," हे म्हणाले.

"अहो, दादांनी सांगाड्यातला मणका काढून त्यात पेन ठेवलंय!"

"तू जाऊन बोल ना त्याच्याशी. तुझं क्षेत्र आहे."

लग्न झाल्यापासून दादांशी बोलायची वेळ आली की ते माझं क्षेत्र असतं. घरात दोन भाऊ, एकाला कशाचीच शंका येत नाही आणि दुसऱ्याला बोलायची हिंमत होत नाही. मी एक्स-रेचं पाकीट उचललं आणि केंद्रावर गेले.

भाऊजी पांढरा कोट घालून बसले होते. पांढरा कोट शिवायला शिक्षण लागत नाही, कापड लागतं. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बोट ठेवलं. "भाऊजी, हा बघा. हा मोडलाय."

ते उठले. खिशातून ओळंबा काढला. आणि देवाशपथ सांगते, त्यांनी तो फिल्मवर लावला. वजन झुलत राहिलं, ते थांबायची वाट बघत आम्ही दोघं उभे राहिलो.

"बरोबर," ते म्हणाले. "इथूनच बाहेर गेलंय. हेच मी आत ढकलणार."

मी त्यांच्या टेबलावरचा मणका उचलला, पेन काढून बाजूला ठेवलं. मला लहान मुलांना शिकवायचा कंटाळा आहे, मोठ्यांना तर त्याहून, तरी शिकवलं. "हा पुढचा जाड ठोकळा, वजन ह्याच्यावर. मागे ही कमान. कमानीचं हे टोक पाठीवर बोटाला लागतं ते. आणि ठोकळा आणि कमान ह्यांच्या मधलं हे भोक. सगळे मणके एकावर एक ठेवले की ह्या भोकांची नळी होते. मेंदूपासून निघालेली दोरी ह्या नळीतून खाली येते. पाय हलवायचा हुकूम इथून जातो, पाय जळला ही बातमी इथूनच वर येते. आईंचा ठोकळा आधीच फुटलाय. त्यावर तुम्ही गुडघा ठेवणार."

"आणि तो वाकडा राहू देऊ?"

"कणा वाकडाच असतो! मूल जन्मतं तेव्हा एकच बाक असतो. मान धरायला लागलं की मानेत दुसरा येतो, उभं राहिलं की कमरेत तिसरा. ते बाक आहेत म्हणून चालताना टाचेचा दणका डोक्यात जात नाही. मागून बघा, सरळ दिसेल. बाजूने बघितलं तर वाकडा नसेल तरच डॉक्टरकडे जायचं."

भाऊजींनी माझ्याकडे फार प्रेमळपणे बघितलं. मला त्यांची तीच नजर सर्वांत असह्य होते. "अगं, तू फोटो काढतेस," ते म्हणाले. "फोटोग्राफर लग्न लावत नाही." आणि माझ्या हातातून मणका घेऊन त्यात पेन परत उभं केलं.

पालथ्या घड्यावर पाणी. घरी येताना रस्ताभर माझ्या हातापायांना मीच हुकूम देत होते, की मागे फिरू नका, त्या सळईने त्याला मारू नका.

राहता राहिल्या आई. त्यांनी नकार दिला की विषय संपत होता. रविवारी सकाळी मी त्यांचा पट्टा बांधायला बसले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. पट्टा आवळताना त्या आक्रसल्या. "गार," म्हणाल्या. मी हात अंगावर चोळून पुन्हा बंद धरले.

"आई, काय होऊ शकतं ते तुम्हाला कळतंय ना?"

"तू सांगितलंस. डॉक्टरांनी सांगितलं. मी काय बहिरी आहे?"

"मग नाही म्हणा की! तुमचा मुलगा आहे, तुमचं ऐकेल."

"तो इथे आला की कुठे उभा राहतो, बघितलंस कधी?"

मी आठवून बघितलं. "दारात."

"दारात. फोन कानाला. 'बरी आहेस ना' म्हणतो, आणि मी तोंड उघडायच्या आत तिकडच्या माणसाशी बोलायला लागतो. लहानपणी माझ्या पाठीवरून उतरायचा नाही. मी धुणी धुतेय आणि हा पाठीवर. अंगाला चिकटलेलं पोर. त्याचे बाबा गेले तेव्हा सगळे गळ्यात पडून रडले, हा मंडपवाल्याला फोन करत होता." त्यांनी पदराने नाक पुसलं. "परवा आला तर म्हणाला, आई, तुझी पाठ मी माझ्या हातांनी नीट करतो. माझ्या हातांनी म्हणाला."

"आणि मोडलं म्हणजे?"

"मोडू दे मोडलं तर. एवीतेवी वाकलेलंच आहे."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं खमकं माणूस, मला उभ्या आयुष्यात एक वाक्य सुखाने बोलू दिलं नाही, आणि त्या दीडशहाण्याचा हात पाठीवर पडावा म्हणून पाय गमवायला तयार! मग मला रडू आलं, आणि त्याचा आणखी राग आला. मी पट्टा बांधला. बांधता बांधता एक गोष्ट मात्र डोक्यात आली. ह्यांना हात हवाय. गुडघा नकोय. भाऊजींना हात लावायला लावता आलं, आणि हातावरच थांबवता आलं, तर काम भागेल. आणि त्यांचं चारचौघांत हसं झालं तर माझी काही हरकत नव्हती.

वरच्या मजल्यावर खुर्च्या भरल्या होत्या. इतक्या माणसांना रविवारी दुसरं काम नसावं ह्याचं मला नेहमीच नवल वाटतं. हे शेवटच्या रांगेत खुर्च्या मोजत उभे होते, म्हणजे पुढे यावं लागू नये. जाऊबाई फोटोवाल्याला कोपरे दाखवत होत्या. मधोमध तो सळईवरचा कणा, त्याच्याजवळ भाऊजींचं टेबल, टेबलावर पेन खोवलेला मणका, आणि शेजारी बाक. भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं की सरळ भिंत पडत नाही, सरळ माणूस आजारी पडत नाही. टाळ्या पडल्या. मग त्यांनी आईंना स्टुलावर बसवलं, पाठ लोकांकडे, पट्टा काढायला लावला आणि मागे ओळंबा सोडला. पोकावरून दोरी लांब लटकत राहिली. लोक हळहळले. आधीचा फोटो झाला.

"आता आई, बाकावर पालथी पड," भाऊजी बाह्या सरसावत म्हणाले.

मी पहिल्या रांगेतून उठले. आवाजात जमेल तेवढी साखर घातली. "भाऊजी, आधी मणके मोजून दाखवा की. कुठे किती बिघाड आहे ते लोकांनाही कळेल."

"हो हो, दाखवा," माझ्या मागचे एक काका म्हणाले. "आम्हाला काय ठाऊक कुठून कुठे असतात ते." आणखी दोघांनी माना हलवल्या. भाऊजी अडकले. नाही म्हणावं तर येत नाही असं दिसणार.

"मानेच्या मुळाशी सगळ्यांत मोठं टोक लागतं ना, ते मानेचं शेवटचं," मी म्हणाले. "त्याच्या खालून पाठीचे सुरू होतात. एकेक बोटाने. दाबायचं नाही, दाबलं की चुकतं."

त्यांनी हात ठेवला. एक बोट टेकवून ते मोठ्याने म्हणाले, "एक!" लोक हसले. "दोन! तीन!" पण पाठीवरचे मणके अशी घोषणा करत मोजता येत नाहीत. ते शोधावे लागतात, त्यासाठी वाकावं लागतं, दुसरा हात खांद्यावर ठेवावा लागतो. चारपाशी त्यांचा आवाज खाली आला. सहापाशी ते आईंच्या अगदी जवळ वाकले होते, आणि फक्त आईंना ऐकू येईल असं मोजत होते. मी बाजूला उभी होते, मला आईंचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले. कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेलेल्या. आमच्या लग्नापासून मी तो चेहरा असा बघितला नव्हता. मोजणी कधी संपू नये असं मला वाटलं, आणि भाऊजींबद्दल असं काही वाटायची माझी ही पहिलीच वेळ होती.

"दहा. अकरा." भाऊजी उभे राहिले. स्टँडवरच्या कण्याकडे नजर टाकून म्हणाले, "झाले. इथून कंबर सुरू."

"अजून एक आहे, भाऊजी."

"नाही. अकराच. हा बघ ना."

"तुमच्या टेबलावर आहे तो," मी म्हणाले.

लोकांना काही कळलं नाही. भाऊजींना कळलं. त्यांनी एकदा पेनाकडे बघितलं आणि बोट खाली सरकवलं. तिथे दुखणार हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना थांबवलं नाही. त्यांना ते त्यांच्याच बोटाने कळायला हवं होतं, आणि दुसरा मार्ग मला सुचला नव्हता.

"आई गं!" सासूबाई कळवळल्या.

भाऊजींचा हात तिथेच राहिला. त्या माणसाला पुस्तकातलं काही येत नाही, पण गिलाव्यामागे भिंत पोकळ आहे की भरीव, हे त्याने उभा जन्म बोटांनी ठोकून सांगितलंय. अकरा टोकं एकसारखी उतरत आली होती. बारावं बाहेर आलेलं, वरच्यापासून तुटक, बोटाला खटकणारं, आणि त्याखाली त्यांची आई थरथरत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हे जर इमारतीत दिसलं असतं तर त्यांनी माणसं बाहेर काढली असती. इतकं त्यांना आता कळलं होतं, हे मला स्वच्छ दिसलं.

मला वाटलं, आता भाऊजी बोलतील. आईला काहीतरी म्हणतील.

त्यांनी हात उचलला, कोटाला पुसला आणि लोकांकडे वळले. "आज इथे लाइट बरोबर नाहीये," ते म्हणाले. "नंतरचा फोटो नीट येणार नाही. प्रात्यक्षिक पुढच्या वेळी घेऊ. खाली खायची सोय केलीय, सगळ्यांनी यावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही वाजवतात. खुर्च्या सरकल्या, जिन्यावर गर्दी झाली, हे सगळ्यांत आधी खाली उतरले. भाऊजींनी खिशातून फोन काढला, कानाला लावला, आणि फोन वाजलेला नसताना "हां, बोला" म्हणत गॅलरीत निघून गेले.

पाय वाचले. मी जिंकले होते. मला हवं ते सगळं झालं होतं, आणि त्या माणसाबद्दल इतकी घृणा मला आधी कधीही वाटली नव्हती. अडाणी होता तोवर ठीक होतं. आता सगळं कळून तो पळाला होता.

आई स्टुलावर तशाच बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, पाठ उघडी. मागे कोण आहे, कोण नाही, त्यांना दिसत नव्हतं.

"का रे?" त्या म्हणाल्या. "हात का काढलास?"

गॅलरीतून भाऊजींचं खोटं बोलणं ऐकू येत होतं.

"दुखलं म्हणून काढलास का? मला एवढं नाही दुखलं. ठेव परत."

मी पुढे झाले. दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात घासले, पण माझे हात काही ऊबदार होणारे नाहीत. मी उजवा हात त्यांच्या पाठीवर, त्या बाराव्या मणक्याच्या जरा वर, जिथे दुखत नाही तिथे ठेवला.

त्या दचकल्या. मान न वळवता म्हणाल्या, "तूच का."

"हो."

"गार आहेत तुझे हात."

मी हात उचलायला लागले.

"काढ म्हटलं का मी?" सासूबाई खेकसल्या.